आचारी, आचार्य आणि 'पब्लिश'चं बटण

लेख द्या म्हणून संपादक मंडळ मागे लागलं की आपण काय करतो? सबमिशनच्या आदल्या रात्री जागून काहीतरी खरडतो, मेल करतो आणि झोपतो. छापील अंकात पुढचं सगळं प्रेसवाला बघायचा. प्रूफं यायची, मराठीची आवड असलेले एखादे सर ती लाल पेनाने रंगवून द्यायचे, आणि एकदा छापून झालं की बरंवाईट जे काय असेल ते सगळ्यांच्या हातात सारखंच पडायचं. वेबसाइटवर तसं नसतं. तिथे प्रेसवाला आपणच आणि प्रूफरीडरही आपणच. शिवाय एकच लेख हॉस्टेलच्या शंभर खोल्यांत शंभर तऱ्हांनी दिसू शकतो. हे मला कसं कळलं ते आधी सांगतो. त्यात चूक माझीच होती.

आपल्या मेसचे आचारी मामा निवृत्त झाले. येसराची आमटी, भाकरी आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला मिळणारा चहा, यासाठी ज्यांनी मामांना धन्यवाद दिले नाहीत असा मुलगा या हॉस्टेलमध्ये सापडणार नाही. त्यांच्यावर मी लेख लिहिला. मनापासून लिहिला, चार वेळा वाचला, शुद्धलेखन तपासून घेतलं. शीर्षक दिलं : 'आमच्या आचाऱ्यांना निरोप'. रात्री साडेबाराला वेबसाइटवर चढवला, लिंक ग्रुपवर टाकली आणि समाधानाने झोपलो.

सकाळी पानावर शीर्षक होतं : 'आमच्या आचार्यांना निरोप'.

दहा वाजेपर्यंत ऑफिसात दोन फोन आले, प्राचार्य एवढ्या लवकर कसे काय निवृत्त होताहेत म्हणून. पोरांनी मेसच्या दारावर खडूने 'गुरुकुल' लिहिलं. इथपर्यंत हसण्यावारी गेलं. पण मामांच्या मुलाने गावाकडे ती लिंक पाहिली, कुणा सरांचा निरोप दिसतोय असं समजून उघडलीच नाही. चार दिवसांनी मामा हिशेबाच्या कागदांसाठी आले, तेव्हा जाता जाता एवढंच म्हणाले, "तू लिहिणार होतास ना बाळा? राहिलं वाटतं."

आता मी लिहिताना 'आचाऱ्यांना'च लिहिलं होतं. एडिटरमध्ये दिसत होतं, प्रीव्ह्यूमध्येसुद्धा बरोबर दिसत होतं. चूक दिसली म्हणून मी शीर्षक पुन्हा टाइप केलं, सेव्ह केलं, तर पुन्हा 'आचार्यांना'! तीन वेळा हाच खेळ झाला. शेवटी एका सीनियरने समजावलं आणि मग हा सगळा प्रकार लक्षात आला.

मराठीत अर्ध्या र पुढे य आला की तो दोन प्रकारे लिहिला जातो. एक रफार : दर्या, म्हणजे समुद्र. दुसरा तो आडव्या कोयत्यासारखा र : दऱ्या, म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे त्यातलंच. उच्चार वेगळा, अर्थ वेगळा. हिंदीला या भेदाची गरज पडत नाही, त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालणारी सॉफ्टवेअर्स इथे हमखास घसरतात.

संगणकात हा दुसरा र साठवायच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत अशी की साधा र, त्याला हलन्त, त्यानंतर 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं एक अदृश्य चिन्ह आणि मग य. या चिन्हाला रुंदी नाही, आकार नाही. शेजारच्या अक्षरांनी कसं जुळायचं, एवढंच ते सांगतं. दुसरी पद्धत म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त, मग य. युनिकोडमध्ये हा टिंबवाला ऱ वेगळं अक्षर म्हणून आहे. दोन्ही पद्धतींनी स्क्रीनवर दिसतं अगदी सारखं. मी ज्या की-बोर्डने टाइप करत होतो तो पहिली पद्धत वापरत होता. आणि वेबसाइटचं सॉफ्टवेअर, सुरक्षेच्या नावाखाली, सेव्ह करताना अदृश्य चिन्हं झाडून टाकत होतं. ते चिन्ह गेलं की उरतो र, हलन्त आणि य. झाला रफार! प्रीव्ह्यू सेव्ह होण्याआधीच्या मजकुरावरून तयार होत होता, म्हणून तिथे चूक दिसत नव्हती.

तपासायची युक्ती सोपी आहे. शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबत या. बहुतेक एडिटरमध्ये बॅकस्पेसने मराठी अक्षर एकदम जात नाही, घटक एकेक करून गळतात. काना गेला, य गेला, हलन्त गेला, आणि शेवटी जो र उरला त्याच्या खाली टिंब असेल तर तुमचा शब्द सुरक्षित. इन्स्क्रिप्टवर लिहिणाऱ्यांनी शिफ्ट धरून 'जे' दाबलं की ऱ येतो, मग 'डी'ने हलन्त, मग य. मोबाइलच्या बऱ्याच मराठी की-बोर्डवर र दाबून धरला तरी ऱ मिळतो.

कुणाला वाटेल की एका अक्षरासाठी एवढा कंठशोष कशाला? तर मंडळी, आपल्या गावाइतकी या अक्षराची गरज कुणालाच नसेल! बावन्न दरवाजे आणि बावन्न पुरे अशी या शहराची ख्याती. औरंगपुरा, उस्मानपुरा, बेगमपुरा, पदमपुरा, कर्णपुरा. एकाही पुऱ्यात जायचं म्हटलं की हे अक्षर लागतं. मकबऱ्यापाशी भेटायचं तरी लागतं. कर्णपुऱ्याच्या यात्रेवरचा लेख जर 'कर्णपुर्याच्या' असा चढला, तर वाचणाऱ्याला ठेच लागतेच. शिवाय पानावर कंट्रोल-एफ करून 'कर्णपुऱ्या' शोधणाऱ्याला तो सापडेलच असंही नाही.

म्हणजे मुद्दा असा की डोळ्यांना दिसतं ते एक आणि संगणकाने साठवलेलं ते दुसरं. फॉरमॅटिंग तपासणं म्हणजे ठळक-तिरपं बघणं, असा माझा समज होता. खरं काम या दोन गोष्टी जुळतात का ते बघण्याचं आहे.

जुन्या अंकांचं तर विचारूच नका. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा तसल्याच फाँटमध्ये जुळवलेल्या फाइली आपल्या लायब्ररीत सीडींवर पडून आहेत. त्या फाइली वेबसाइटवर चिकटवल्या की मराठीऐवजी रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांचा काला दिसतो. कारण त्या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फाँट आहे तोवर मराठी, फाँट काढला की निरर्थक. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरलं, युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. तरी छपाईच्या धंद्यात जुने फाँट पुढे कितीतरी वर्षं चालू राहिले, कारण प्रेसचं काम त्यांच्यावर अडत नव्हतं. युनिकोडने घरच्या संगणकावर मराठी आणली ती विंडोज २००० च्या सुमाराला, 'मंगल' या फाँटच्या रूपाने. तो फाँट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केलेला, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? असो.

जुनं साहित्य कन्व्हर्टरमधून काढलं तर बरंचसं सरळ येतं, पण विश्वास ठेवू नका. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर असते, कारण उच्चार नंतर होतो. रफाराचंही असंच, फक्त उलट. कन्व्हर्टर इथे गोंधळतो आणि 'स्थिती', 'कीर्ती', 'शक्तिशाली' असल्या शब्दांत वेलांट्या भलत्याच घरी जाऊन बसतात. जोडाक्षर, वेलांटी आणि रफार असलेले शब्द शोधून तेवढेच नीट वाचा. बाकीचं भराभर वाचलं तरी चालेल.

आता खास आपल्या इंजिनियर जमातीसाठी. वर्डमधला मजकूर थेट चिकटवला तर त्याच्यासोबत वर्डचा सगळा बाडबिस्तरा येतो : फाँटचं नाव, आकार, रंग, समासाची मापं. म्हणून जाणती मंडळी सांगतात की कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून साधा मजकूर चिकटवा. सल्ला चांगला आहे, मी तोच पाळतो. पण त्यात एक खड्डा आहे. साधा मजकूर करताना घातांक खाली पडतात!

उदाहरण घ्या पैठणच्या जायकवाडीचं. धरणाची एकूण साठवण क्षमता २९०९ दशलक्ष घनमीटर. सिव्हिलच्या एखाद्या शहाण्याने ते २९०९ गुणिले १० आणि त्या दहाच्या डोक्यावर बारीक ६, असं लिहिलं. चिकटवल्यावर तो ६ डोक्यावरून उतरून शेजारी बसला आणि झाले २९०९ × १०६. करा गुणाकार : ३ लाख ८ हजार ३५४ घनमीटर. रोज शंभर दशलक्ष लिटर पाणी लागणाऱ्या शहराला हे धरण जेमतेम तीन दिवस पुरेल! जवळपास १०३ टीएमसीचा नाथसागर एका पेस्टमध्ये आटला. बरं, स्पेलचेक हे पकडणार नाही, कारण १०६ हा आकडा काही चुकीचा नाही. इंग्रजी अंकांना निदान घातांकाची स्वतंत्र चिन्हं युनिकोडमध्ये आहेत, ती साध्या मजकुरातही टिकतात. मराठी अंकांना तशी सोय नाही. तिथे घातांक म्हणजे केवळ फॉरमॅटिंग, आणि फॉरमॅटिंग उडालं की अर्थही उडाला. म्हणून आकडेवारीच्या लेखात मी आता सरळ 'दशलक्ष', 'कोटी' असे शब्द वापरतो, आणि जिथे सूत्र टाळता येत नाही तिथे चिकटवल्यावर मूळ कागद शेजारी धरून एकेक घातांक मोजतो. कंटाळवाणं काम आहे. रूममेटला वाचायला बसवलं तर लवकर होतं (एक कट चहा).

विसर्गाकडे येऊ. 'दुःख' लिहिताना कित्येक जण दु नंतर विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची इंग्रजी दोन टिंबं मारतात. दिसायला फरक जवळजवळ नाही. पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन तुकडे, मध्ये विरामचिन्ह. 'अंतःकरण', 'प्रातःकाळ', 'निःपक्षपाती' यांचंही तेच. उलट 'उदाहरणार्थ' पुढे दोन टिंबांऐवजी विसर्ग देणारेही आहेत.

आणि तो ॲ! ॲप, ॲडमिशन, ॲटेंडन्स, आपल्या आयुष्यातले निम्मे शब्द याच अक्षराने सुरू होतात. हे अक्षर युनिकोडमध्ये आलंच मुळी २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवायचे, किंवा हिंदीतला ए वरचा चंद्र वापरायचे. आजही एकाच लेखात तिन्ही प्रकार सापडतात. अ वर वेगळा चंद्र ठेवला की काही मोबाइलवर तो तुटतो आणि ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसतं. एकच प्रकार ठरवा, तो २००८ नंतरचा स्वतंत्र ॲ असावा, आणि बाकीचे शोधून बदला.

शोधून बदलण्यावरून आठवलं. २०२३ मध्ये शहराचं अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झालं. त्यानंतर जुने लेख नव्याने चढवताना 'रिप्लेस ऑल' मारायचा मोह होतो. मीही मारला होता. सुदैवाने तेव्हा प्रसिद्ध करण्याआधी वाचलं. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला औरंगजेबाच्या काळात कोणतं नाव मिळालं, याबद्दल माझ्या त्या लेखाने असं काही विधान केलं होतं की इतिहासाच्या सरांनी मला मकबऱ्यात पुरलं असतं. शिवाय बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, त्याचंही मी परस्पर नामांतर करून टाकलं होतं. 'रिप्लेस ऑल' ऐवजी 'फाइंड नेक्स्ट' दाबा आणि प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचून ठरवा.

दिसण्याच्या गोष्टी राहिल्या, त्या थोडक्यात. इंग्रजीच्या मापाने ओळींमधलं अंतर ठेवलं तर मराठीच्या मात्रा आणि रफार वरच्या ओळीतल्या उकारांत घुसतात. 'मूर्तींपुढे' हा शब्द लिहून बघा, त्यात वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार सगळंच आहे. तो कुठे कापला गेला नाही तर बाकीचं पान ठीक. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजीतली फॅशन मराठीत करू नका, शिरोरेषा तुटून दातांत फटी पडल्यासारखं दिसतं. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्टही मोबाइलवर सोडा. आपले शब्द लांब, ब्राउझरला ते बहुधा तोडता येत नाहीत, मग अरुंद ओळीत शब्दांमध्ये नद्या वाहतात.

ल आणि श यांचं मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळं आहे आणि ते कसं असावं याचा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ ला निघाला होता. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे असं सेटिंगमध्ये सांगितलं तरच मराठी वळण उमटतं. ही एक नोंद आपल्या वेबमास्तरांनी एकदाच करायची आहे. तिचा दुसरा फायदा म्हणजे, दृष्टिहीन विद्यार्थी वापरतात ते पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी मजकूर मराठी उच्चाराने वाचू लागतं. त्यांच्यासाठीच उपशीर्षकं नुसती ठळक न करता हेडिंगची शैली लावून द्यावीत. ठळक अक्षरं आपल्याला दिसतात, त्या सॉफ्टवेअरला ती शीर्षक म्हणून कळत नाहीत.

तक्ता असेल तर तीनच्या वर रकाने नकोत, आणि स्पेसबार मारमारून जुळवलेला तक्ता तर नकोच. प्रत्येक ओळीअखेर एन्टर मारायची टाइपरायटरची सवय ज्यांना आहे (स्टाफमधले काही जण हसतील, त्यांना कळलं असेल), त्यांच्या लेखाची मोबाइलवर कविता होते. पानाच्या पत्त्यात मराठी शीर्षक जाऊ देऊ नका. लिंक कॉपी केली की देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हामागे तिथे नऊ इंग्रजी चिन्हं उमटतात. वीस चिन्हांच्या शीर्षकाची एकशे ऐंशी. ग्रुपवर असली लिंक आली की लोक व्हायरस समजतात.

माझी हल्लीची पद्धत सांगतो. लेख रात्री चढवतो, पण प्रसिद्ध करत नाही, मसुदा म्हणून सेव्ह करतो. सकाळी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडतो, म्हणजे सर्व्हरवर खरोखर काय साठलंय ते दिसतं. मग तेच पान दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर बघतो, शक्यतो स्वस्त आणि जुन्या. आमच्या विंगमध्ये एकाकडे काच तडकलेला एक फोन आहे, तो आता आमचा अधिकृत प्रूफरीडर. त्यावर शीर्षक, पहिला परिच्छेद, सगळे आकडे, सगळी नावं आणि फोटोखालच्या ओळी मोठ्याने वाचतो. मोठ्याने वाचलं की 'आचार्यांना' कानाला लगेच लागतं, डोळा मात्र सवयीने त्याचं 'आचाऱ्यांना' करून घेतो. प्रसिद्ध केल्यावर आणखी एकदा बघतो. वीस मिनिटं जातात.

मामांचा लेख टिंबवाला ऱ वापरून दुरुस्त केला आणि लिंक त्यांच्या मुलाला मी स्वतः पाठवली, फोन करून. त्याने घरी सगळ्यांसमोर वाचून दाखवला म्हणे. संध्याकाळी मामांचा फोन आला. लेख चांगला झालाय म्हणाले, घरात दोनदा वाचला म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण बाळा, येसराच्या आमटीत मी कधी टमाटा घातला रे?"

ते वाक्य अजून दुरुस्त करायचं राहिलंय. आज रात्री करतो.